उंच उडी आणि वाळूचा हौद

१६ सप्टेंबर २०२५ रोजी तोक्यो येथील जागतिक मैदानी स्पर्धेत नाशिक जिल्ह्यातील देवरगावच्या सर्वेश कुशारे याने २.२८ मीटर उंच उडी मारून सहावा क्रमांक मिळविला. जागतिक स्पर्धेत उंच उडीची अंतिम फेरी गाठणारा तो पहिलाच भारतीय. पहिल्या तिघांपलीकडच्या क्रमांकाची दखल घेण्याची आपल्याकडे रीत नसल्याने हे नाव क्रिकेटच्या गदारोळात लवकरच मागे पडले. त्या उंचीच्या आकड्यात मात्र एक योगायोग दडलेला आहे. २१ जुलै १९६३ रोजी मॉस्कोच्या मैदानावर वालेरी ब्रुमेल या सोव्हिएत तरुणाने नेमकी हीच उंची, २.२८ मीटर, ओलांडून जागतिक विक्रम केला होता. त्याच ब्रुमेलने १९६४ साली ऑलिंपिकचे सुवर्णपदक पटकावले ते याच तोक्योत. आजचे स्टेडियम उभे आहे ते त्या जुन्या, आता पाडलेल्या स्टेडियमच्याच जागेवर.

बासष्ट वर्षांपूर्वी एका रशियन तरुणाने गाठलेली उंची देवरगावच्या तरुणाने आज गाठली, यावरून कोणी हिणवू नये आणि कोणी फुशारूही नये. तेजस्विन शंकरने २०१८ मध्ये भारतीय विक्रम २.२९ पर्यंत नेला होता, म्हणजे एवढे सामर्थ्य या देशातील शरीरांत आहे हे एकाहून अधिक वेळा सिद्ध झालेले आहे. विचार करावयाचा तो वेगळ्या गोष्टीचा. कोणता समाज कोणत्या मुलाला त्या दांडीपर्यंत पोहोचवितो, कशाच्या बळावर पोहोचवितो, आणि तो पडला तर त्याला झेलतो की नाही? ब्रुमेलची कारकीर्द या प्रश्नाचे उत्तर शोधताना फार उपयोगी पडते. ते उत्तर चंद्रपूर व गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांच्या संदर्भात तपासून पाहिले, तर राज्यकर्त्यांइतकेच ते समाजवादी कार्यकर्त्यांनाही अस्वस्थ करणारे ठरते.

ब्रुमेलचा जन्म १९४२ सालचा, सैबेरियाच्या पूर्व टोकाकडील अमूर प्रदेशातील एका लहानशा खेड्यातला. आईवडील भूगर्भशास्त्राच्या शोधकामातले. पुढे कुटुंब युक्रेनमधील लुगान्स्क येथे स्थायिक झाले. लुगान्स्क हे दोनबासच्या कोळसा खाणींच्या पट्ट्यातले शहर. बल्लारपूर, घुग्घुस, राजुरा या परिसरातील वाचकाला त्या शहराचे चित्र डोळ्यांपुढे आणण्यास फार कष्ट पडू नयेत. या खाणशहरात शाळकरी वयात त्याला एक प्रशिक्षक भेटला आणि उंच उडीचे शास्त्रशुद्ध शिक्षण सुरू झाले. मुलगा अतिशय उंच नव्हता. पूर्ण वाढ झाल्यावर त्याची उंची १.८५ मीटर भरली; म्हणजे विक्रमाच्या वेळी तो स्वतःच्या डोक्याच्या ४३ सेंटिमीटर वरून गेला. ही किमया निसर्गदत्त देहाची म्हणून सोडून देता येत नाही. त्यामागे वजने उचलून कमावलेले पाय, धावण्याचा वेग आणि मॉस्कोतील व्लादिमीर द्याच्कोव्ह या गुरूने वर्षानुवर्षे केलेला अभ्यास होता.

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये अठरा वर्षांच्या ब्रुमेलने रौप्यपदक मिळविले. सुवर्ण गेले ते त्याचाच सहकारी, जॉर्जियाचा रॉबर्ट शावलाकाद्झे याच्याकडे. दोघांचीही उडी २.१६ मीटरची होती आणि ज्याच्या विजयाची सर्वांना खात्री होती तो अमेरिकेचा जॉन थॉमस तिसरा आला. पुढील तीन वर्षांत ब्रुमेलने जागतिक विक्रम सहा वेळा सुधारला. १९६१ मध्ये २.२३, २.२४ आणि २.२५, १९६२ मध्ये २.२६ आणि २.२७, आणि १९६३ मध्ये २.२८. यांतला २.२६ चा विक्रम त्याने अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे केला. शीतयुद्ध ऐन भरात असताना शत्रुराष्ट्रातील प्रेक्षकांनी या रशियन तरुणाला उभे राहून दाद दिली. शेवटचा विक्रम मॉस्कोत, अमेरिका-सोव्हिएत सामन्यातच झाला. निकिता ख्रुश्चेव्ह त्या वेळी प्रेक्षकांत होते आणि अणुचाचणीबंदीच्या वाटाघाटींसाठी आलेले अमेरिकन प्रतिनिधी हॅरिमन हेही होते. तो विक्रम पुढे १९७१ पर्यंत अधिकृत यादीत अबाधित राहिला.

एवढे यश पदरी असलेल्या माणसाचे पुढे काय झाले? ऑक्टोबर १९६५ मध्ये मॉस्कोत मोटारसायकलच्या अपघातात त्याच्या पायाचा अक्षरशः चुराडा झाला. पाय कापावा लागतो की काय अशी अवस्था होती. राजधानीतील नामवंत शल्यविशारदांनी अनेक शस्त्रक्रिया केल्या, पण हाड धड जुळेना. जवळजवळ तीन वर्षे हा जगज्जेता कुबड्यांवर होता. अखेर १९६८ मध्ये तो गेला कुर्गान या पश्चिम सैबेरियातील आडवळणी शहरात, गाव्रिल इलिझारोव्ह नावाच्या डॉक्टरकडे. इलिझारोव्ह तरुणपणी त्याच भागातील दोल्गोव्का या खेड्यातला डॉक्टर होता. युद्धात हातपाय मोडलेल्या सैनिकांवर व शेतकऱ्यांवर उपचार करता करता त्याने धातूची कडी आणि ताणलेल्या तारा यांच्या साहाय्याने हाड जुळविण्याची व वाढविण्याची आपली पद्धत सिद्ध केली. मॉस्कोतील मातब्बरांनी तिची बरीच वर्षे उपेक्षा केली होती. या पद्धतीने ब्रुमेलचा पाय वाचला. तो पुन्हा मैदानावर उतरला आणि दोन मीटरच्या वर उडी मारून गेला. जुनी उंची पुन्हा गाठता आली नाही, पण मोडक्या पायाचा माणूस स्वतःच्या पायावर उभा राहिला. पुढे तो लेखनाकडे वळला आणि २००३ साली त्याचे निधन झाले. इलिझारोव्हच्या कुर्गान येथील कार्याला १९७१ मध्ये स्वतंत्र संस्थेचे रूप मिळाले. आज भारतातल्या अस्थिरोग विभागांतही त्याच्या नावाची कडी वापरली जातात.

या कहाणीत भुरळ पाडणारे पुष्कळ आहे. म्हणूनच तिची दुसरी बाजू लपवून ठेवणे समाजवाद्यांना शोभणार नाही. सोव्हिएत राज्यसंस्थेला खेळाडू हवा होता तो आपल्या व्यवस्थेची जाहिरात म्हणून. ब्रुमेलच्या शेवटच्या विक्रमानंतर चौदा वर्षांनी युक्रेनमधील झापोरिझ्झियाच्या व्लादिमीर याश्चेन्को या मुलाने अठराव्या वर्षी अमेरिकेत जाऊन २.३३ चा जागतिक विक्रम केला आणि १९७८ मध्ये तो २.३४ वर नेला. १९७९ मध्ये त्याचा गुडघा गेला. विशीतच कारकीर्द संपलेला हा तरुण विस्मृतीत आणि मद्यात बुडाला व १९९९ मध्ये चाळिसाव्या वर्षी मरण पावला. त्याचे नाव ज्या राज्याने मिरविले ते राज्य त्याच्या पडत्या काळात त्याच्यासाठी हजर नव्हते. आणि सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर समाजवादाचे नाव गेले तरी ही जाहिरातीची हाव गेली नाही. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधील उंच उडीचे सुवर्ण जिंकणाऱ्या इव्हान उखोव्हचे पदक राज्यपुरस्कृत उत्तेजक-द्रव्य प्रकरणात पुढे काढून घेण्यात आले. त्याच प्रकरणापायी २०१५ पासून रशियन मैदानी खेळाडूंवर बंदी आली. स्वतःवर कोणताही ठपका नसलेल्या मारिया लासित्स्केने या जगज्जेतीला २०१६ चे रिओ ऑलिंपिक हुकले. २०२१ मध्ये तोक्योत तिने सुवर्ण जिंकले तेव्हा तिच्या देशाचा ध्वज वर गेला नाही आणि राष्ट्रगीतही वाजले नाही. आपल्याच क्रीडासंघटनेच्या अधिकाऱ्यांना जाहीरपणे जाब विचारण्याचे धैर्य या स्त्रीने दाखविले, याचीही नोंद घेतली पाहिजे. ब्रुमेल ज्या लुगान्स्कमध्ये उडी मारावयास शिकला त्या शहराला तर २०१४ पासून युद्धाने घेरले आहे.

तेव्हा सोव्हिएत पद्धतीची नक्कल करा असे येथे कोणी सुचवीत नाही. तीतून घेण्यासारखे आहे ते पदकांच्या थराखाली होते ते : जिल्ह्याच्या गावी मुलांसाठी चालणारी क्रीडाशाळा, तिच्यात पगारी व शिकलेला प्रशिक्षक, आणि खाणकामगाराच्या मुलाला शुल्काविना मिळणारी मैदानाची जागा. इलिझारोव्ह घडला तोही सरकारने खेड्यात डॉक्टर नेमला होता म्हणून. या गोष्टी रोजच्या, कंटाळवाण्या, कोणाच्याही छायाचित्रात न येणाऱ्या आहेत. आणि नेमक्या त्याच आपल्या वनजिल्ह्यांत नाहीत.

येथे उंच उडीच्या तंत्राविषयी थोडे बोलणे अवश्य आहे, कारण त्याचा संबंध थेट वर्गीय प्रश्नाशी येतो. ब्रुमेल दांडीवरून जाई तो पोट खाली करून, आडवा वळत. या पद्धतीला स्ट्रॅडल म्हणतात. तीत उतरताना हातपाय आधी टेकतात. भुसभुशीत वाळूत किंवा लाकडाच्या भुशातही माणूस सुखरूप उतरू शकतो. म्हणजे दोन बांबू, एक दोरी आणि खणून मऊ केलेला हौद एवढ्या साहित्यावर गरीब शाळेतला मुलगाही जगज्जेत्याच्याच पद्धतीने सराव करू शकत होता. १९६८ मध्ये मेक्सिकोत अमेरिकेच्या डिक फॉसबरीने पाठ खाली करून, डोके आधी नेऊन २.२४ वर सुवर्णपदक जिंकले आणि दहा-बारा वर्षांत साऱ्या जगाने ती पद्धत उचलली. पाठीवर आणि मानेवर पडण्याची ही कला वाळूत शिकता येत नाही. शिकू गेल्यास मान मोडावयाची. तिच्यासाठी जाड फोमची गादी लागते. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या नियमांनुसार ही गादी किमान ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ७० सेंटिमीटर जाड असावी लागते. तंत्र पुढे गेले, ते योग्यच झाले. परंतु त्याच पावलाने ज्या शाळांत गादी नव्हती त्या सर्व शाळा उंच उडीच्या स्पर्धेतून बाहेर फेकल्या गेल्या. कोणी तसा हुकूम काढला नाही, कोणी आदिवासी किंवा शेतमजुराच्या मुलाला मज्जाव केला नाही. साधन ज्याच्या हाती नाही तो आपोआप वगळला गेला. यंत्रयुगातील विषमतेची रीत याहून वेगळी नसते.

देवरगावच्या शाळेलाही ही गादी परवडणारी नव्हती. तेथील शिक्षक रावसाहेब जाधव यांनी मक्याची वाळकी साले व तत्सम टाकाऊ माल भरून गादी तयार केली आणि सर्वेश त्या गादीवर पडावयास शिकला. पुढे तो सैन्यदलात गेला. तेथे त्याला खरी गादी, खुराक आणि प्रशिक्षण मिळाले. २०१९ मध्ये काठमांडूच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्ण मिळविले, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये २.१५ वरच तो थांबला, आणि पुढच्या वर्षी तोक्योत २.२८ वर गेला. मक्याच्या गादीची ही गोष्ट आता जिद्दीची प्रेरक कथा म्हणून सांगितली जाते. त्या शिक्षकापुढे मस्तक नम्र व्हावे हे खरेच. पण ही कथा ऐकून टाळ्या वाजविणाऱ्या शासनाला लाज का वाटू नये? मक्याच्या गादीवरून एक मुलगा पुढे गेला. ज्या हजारो शाळांत असा शिक्षक नव्हता, किंवा शिवारात मकाही नव्हता, तेथील मुलांची मोजदाद कोणी केलेली नाही. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी खाशाबा जाधवांना वर्गणी गोळा करावी लागली होती. तीही कथा आपण अशीच गौरवाने सांगतो, आणि खर्च कोणाचा होता हे विचारावयाचे विसरतो.

आता वनजिल्ह्यांकडे वळावे. चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. त्याचा दोन तृतीयांशांहून अधिक भाग वनाच्छादित आहे. चंद्रपूर, चिमूर, गडचिरोली, अहेरी आणि भामरागड या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांखाली आश्रमशाळांचे जाळे पसरलेले आहे. गोंड, माडिया, कोलाम मुलामुलींचे सारे शालेय आयुष्य त्यांत जाते. घर, शाळा, जेवण, मैदान हे सर्व एकाच कुंपणात आणि एकाच खात्याच्या ताब्यात. प्रशिक्षणाच्या दृष्टीने पाहता याहून सोयीची रचना शोधून सापडणार नाही. सोव्हिएत अधिकाऱ्याला ती दाखविली असती तर त्याला हेवा वाटला असता! मुले दिवसरात्र हाताशी आहेत, रानात चढण्या-उतरण्याची सवय त्यांच्या पायांत आहे. दरवर्षी प्रकल्पस्तरीय, विभागीय आणि राज्यस्तरीय आश्रमशाळा क्रीडास्पर्धाही भरतात. पण स्पर्धा म्हणजे प्रशिक्षण नव्हे. वर्षातून काही दिवस मुलांना गाडीत घालून नेणे, उद्घाटनाला पाहुणे बोलावणे आणि चषक कपाटात ठेवणे, एवढ्याने खेळाडू घडत असता तर आतापर्यंत या दोन जिल्ह्यांनी देशाला संघच्या संघ दिले असते.

पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटतो. अशा ठिकाणच्या मुलीला बल्लारपूरजवळ विसापूरला उभारलेले अद्ययावत क्रीडासंकुल दीडशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. ते संकुल बांधले हे चांगलेच झाले. डिसेंबर २०२३ मध्ये तेथे राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धाही झाल्या. शासनाला मनात आणले म्हणजे बांधता येते याचा तो पुरावा आहे. परंतु खेळाडू संकुलात जन्माला येत नाही. बारा-तेरा वर्षांच्या वयात, रोजच्या सरावाच्या अंतरावर, त्याला पहिला हौद, पहिली गादी आणि पहिला शिक्षक मिळावा लागतो. लुगान्स्कमध्ये ते मिळाले म्हणून मॉस्कोचे मैदान ब्रुमेलच्या उपयोगी पडले.

त्यातून आपल्या शासनाला आवड आहे ती मोहिमांची. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कवीदास काटमोडे आणि विकास सोयाम या पाच विद्यार्थ्यांनी एव्हरेस्टचे शिखर गाठले. 'मिशन शौर्य' या नावाने आदिवासी विकास विभाग व जिल्हा प्रशासन यांनी ही मोहीम आखली होती. देवाडा, जिवती, बोर्डा येथील शाळांतल्या मुलांना काही महिन्यांचे खरे प्रशिक्षण, खरा आहार आणि खरी साधने मिळाली, तेव्हा ती जगातील सर्वोच्च जागी जाऊन उभी राहिली. या मुलांचे शौर्य निर्विवाद आहे. त्यांनी एक गोष्ट कायमची सिद्ध करून ठेवली : आदिवासी मुलांच्या मागासपणाविषयी जे काही बोलले जाते ते साधनांच्या अभावाविषयीचे बोलणे आहे. मात्र ज्या उपायाने पाच जण शिखरावर गेले तो सर्व आश्रमशाळांचा नित्यक्रम का होऊ नये, असा प्रश्न सत्काराच्या व्यासपीठावर कोणी विचारला नाही.

त्याच वर्षी बल्लारपूर येथे नामवंत चित्रपट-अभिनेत्याच्या उपस्थितीत 'मिशन शक्ती'ची घोषणा झाली. चंद्रपूर, गडचिरोली आणि यवतमाळ या जिल्ह्यांतील खेळाडू २०२४ च्या ऑलिंपिकसाठी घडवावयाचे, असा संकल्प होता. २०२४ चे पॅरिस येऊन गेले. महाराष्ट्रातून जे मोजके खेळाडू तेथे गेले त्यांत वनजिल्ह्यांचे नाव नव्हते. याचा दोष मुलांकडे जात नाही. आणि संकल्प सोडणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे म्हणण्याचेही कारण नाही. पण उंच उडी मारणारा शरीराने व तंत्राने तयार होण्यास आठ-दहा वर्षे लागतात. ब्रुमेलसारखा अपवादही शाळकरी वयापासून शिकत होता. घोषणेपासून ऑलिंपिकपर्यंत सहा वर्षांचा अवधी ठेवणाऱ्यांनी बी पेरण्याआधीच सुगीचा मुहूर्त काढला होता.

या जिल्ह्यांतील रस्त्यांवर पहाटे धावणारे तरुण दिसतात. त्यांना कोणी क्रीडाधोरण शिकविलेले नाही. ते धावतात पोलीस भरतीसाठी. भरतीच्या मैदानी चाचणीत १६०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक एवढ्याच गोष्टींना गुण आहेत. म्हणून तेवढ्याच गोष्टींचा सराव गावोगाव, स्वखर्चाने, अनवाणी पायांनी चालतो. बेकार तरुणाने नोकरीसाठी धावावे यात गैर काहीच नाही. पण आदिवासी तरुणाच्या देहाची किंमत राज्याला कळते ती प्रथम बंदूक हाती देण्याच्या वेळी. १९९० मध्ये नक्षलविरोधी कारवायांसाठी सी-६० पथक उभारले गेले तेव्हा स्थानिक तरुणांची जंगलातील चपळाई फार लवकर ओळखली गेली. तीच चपळाई त्यांच्या धाकट्या बहिणीत, वयाच्या बाराव्या वर्षी, आश्रमशाळेच्या मैदानावर ओळखण्याचे कोणाला सुचले नाही.

आणि पाय मोडला तर? कुर्गानची आठवण येथे पुन्हा येते. हेमलकसा येथे डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी १९७३ नंतर माडिया रुग्णांसाठी रुग्णालय उभे केले, गडचिरोलीजवळ डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था काढून नवजात अर्भकांची गावातच काळजी घेण्याची जी पद्धत सिद्ध केली ती पुढे देशाच्या आरोग्यधोरणात गेली. राजधानीच्या मातब्बरांना न सुचलेले आडवळणाच्या गावात सुचते, हे इलिझारोव्हप्रमाणे येथेही खरे ठरले. फरक इतकाच की इलिझारोव्हला खेड्यात सरकारने नेमले होते, आणि हे लोक आपल्या मनाने आले होते. अशी माणसे येतील या भरवशावर जिल्हा सोडून देणे याला आरोग्यव्यवस्था म्हणता येत नाही.

पक्षातील काही मित्रांचा येथे आक्षेप येईल. ज्या मुलांच्या रक्तात सिकलसेल आहे, ज्यांच्या ताटात पुरेशी प्रथिने नाहीत, त्यांच्यासाठी फोमच्या गाद्या मागणे ही चैन नव्हे काय? आक्षेप प्रामाणिक आहे; परंतु तो मान्य केल्यास भलतेच पदरात पडते. उंच उडीचा प्रशिक्षक नेमला की तो पहिली मागणी अंड्यांची, दुधाची, डाळीची आणि रक्ततपासणीची करील; केल्यावाचून त्याचे काम पुढे सरकणारच नाही. आहार आणि खेळ या दोन मागण्या एकमेकींच्या आड येतात ही समजूत कागदावरच्या अंदाजपत्रकाची आहे. आश्रमशाळेच्या अंगणात त्या एकच आहेत. शिवाय, गरिबाच्या मुलाने आधी पोटापुरते मिळवावे आणि मग आनंदाचा विचार करावा, ही शिकवण भांडवलदारांनी दिली तर समजते. ती समाजवाद्यांच्या तोंडी शोभत नाही.

मैदानाशी समाजवाद्यांचे नाते काही नवे नव्हे. १९४१ साली राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली आणि एस. एम. जोशी दलप्रमुख झाले, तेव्हा गावोगावच्या शाखांवर मुले आली ती प्रथम खेळासाठी. व्याख्याने नंतर आली. जात विसरून एका रिंगणात उभे राहण्याचा पहिला अनुभव अनेकांना तेथे मिळाला. पुढे चळवळ सभागृहांत, ठरावांत आणि फाटाफुटीत गुंतत गेली, मैदाने रिकामी पडली, आणि रिकामे मैदान फार काळ रिकामे राहत नाही. तेथे कोण येऊन उभे राहिले हे या साप्ताहिकाच्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही.

पैसा कोठून आणावयाचा हाही प्रश्न उरत नाही. २०१५ च्या खनिज कायदा दुरुस्तीनंतर खाणी असलेल्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन झाली आहेत. कोळसा आणि लोहखनिज काढणाऱ्यांकडून येणारा हा पैसा खाणबाधितांच्या शिक्षण, आरोग्य व विकासासाठीच खर्च करावयाचा आहे. चंद्रपूरचा कोळसा दशकानुदशके राज्याला वीज पुरवीत आला. एटापल्लीच्या सुरजागड टेकडीतून लोहखनिज बाहेर चालले आहे, आणि ती टेकडी तेथील लोकांच्या ठाकूरदेवाची आहे. त्या मालमोटारींची धूळ ज्या आश्रमशाळांच्या मैदानांवर बसते, त्या मैदानांना या निधीतून हौद आणि गाद्या मिळाव्यात, ही भीक नव्हे. पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेच्या पाच टक्के अबंध निधीचाही आधार आहे. मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून बांबूचा व्यवहार स्वतःच्या हाती घेतला. अशा ग्रामसभांना मैदानाचा कारभार पाहता येणार नाही असे मानण्याचे कारण नाही. मात्र शिक्षकाच्या पगाराचा भार ग्रामसभेवर ढकलू देता कामा नये. प्रत्येक आश्रमशाळेत क्रीडाशिक्षकाचे कायम पद, आणि प्रत्येक प्रकल्प कार्यालयाच्या कक्षेत मैदानी खेळांचा एक पूर्णवेळ प्रशिक्षक, ही जबाबदारी राज्याची आहे. कंत्राटावर अकरा महिन्यांसाठी नेमलेला माणूस दहा वर्षांत घडणारा खेळाडू कसा घडविणार?

हिवाळ्यात प्रकल्पस्तरीय क्रीडास्पर्धा भरतील. चंद्रपूर व गडचिरोली येथील कार्यकर्त्यांनी या वेळी प्रेक्षकांत बसून परत न येता सोबत मोजपट्टी आणि वही न्यावी. उंच उडीच्या जागी वाळू किती खोल आहे, गादी आहे काय, असल्यास तिची जाडी किती, ती पावसात कोठे ठेवली जाते, मुलांना सराव वर्षातून किती दिवस मिळतो आणि तो कोण घेतो, हे शाळावार लिहून काढावे. मुलींना वेगळे विचारावे, कारण त्यांची उत्तरे शिक्षकांच्या उत्तरांहून वेगळी येतात. या नोंदी घेऊन खनिज प्रतिष्ठानाच्या बैठकीच्या दिवशी जिल्हाधिकारी कार्यालयात जावे आणि मागील वर्षांच्या खर्चाची यादी मागावी.